पूर्ण फाईल माझ्याकडेच होती

शूटिंगवाला (धागाकर्ता)

राजेहो, मी इथं वाचायला येतो, लिहायला नाही. पण ही गोष्ट पोटात ठेवून दोन महिने झाले, आता राहवत नाही.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, नाव सांगत नाही. लग्नसराई संपली की मिळेल ते करतो, वाढदिवस, तेरवी, साहेब लोकांचे कार्यक्रम. श्रावणात एका संस्थेनं मंदिराच्या सभामंडपात शेतकऱ्यांची बैठक ठेवली होती. मला पंधराशे रुपये अन् जेवण. संस्थेच्या ताई बोलायला उभ्या राहिल्या. त्या कागद घेत नाहीत, आपल्या बोलीत बोलतात, म्हणून लोक ऐकतात. एकूण रेकॉर्डिंग १ तास १२ मिनिटं.

माझं एक लहानसं चॅनल आहे. संस्थेला पूर्ण व्हिडिओ द्यायच्या आधीच मी त्यातले तीन तुकडे काढून टाकले. तिसरा तुकडा २८ सेकंदांचा. त्यात ताई म्हणतात (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती):

“खरं सांगते, मी नवीन होती तं पोडावर थांबतच नव्हती. वाटे, या कोलामायले काय सांगा, यायले काय समजते. रजिस्टरवर आंगठे घ्या, चहा प्या, अन् अंधार पडायच्या आत परत.”

इथं मी कापलं. काऊन कापलं? पुढे त्या थांबतात, गिलासातलं पाणी पितात, मागं कोणाचा तरी मोबाईल वाजतो. ११ सेकंद पडद्यावर काहीच घडत नाही. रीलमध्ये ११ सेकंद म्हणजे पाहणारा दुसऱ्या गावी पोचला. लग्नात भटजी अडखळले तरी आपण कापतोच, त्याच हातानं हे कापलं. वर लिहिलं, “ताईंची कबुली”. हे लिहिताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं, तेही सांगून टाकतो.

पाणी पिल्यावर त्या काय बोलल्या ते असं. २०१७ साली, बोंडअळीच्या अन् फवारणीच्या विषबाधेच्या त्या खराब वर्षी, त्या मास्क अन् हातमोजे वाटायला पोडावर गेल्या. एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना हाताला धरून वावरात नेलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, तासांमध्ये ज्वारी, तूर, बरबटी (चवळी). म्हातारी म्हणे, “तुमचं एक गेलं तं सगळं गेलं. आमचं एक गेलं तं तीन राह्यते.” ताई म्हणाल्या, “तीन वर्षं मी यायले शिकवाले येत होती, अन् यायले एक सवाल नाही इचारला. त्या दिवशी मले माहीच लाज वाटली.” आता संस्थेत नवीन पोरगं आलं की त्या त्याला पहिले आठ दिवस पोडावर पाठवतात. शिकवायला नाही, शिकायला.

दुसऱ्या दिवशी माझा २८ सेकंदांचा तुकडा कोणीतरी उचलला. खाली रडकं संगीत, वर लाल अक्षरं, “आदिवासींचा घोर अपमान”. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या चौकात निवेदन. चौथ्या दिवशी संस्थेच्या साहेबांनी ताईंना व्हॉट्सॲपवर कळवलं, उद्यापासून येऊ नका. नऊ वर्षांचं काम, एका मेसेजमध्ये.

अन् आता खरी गोष्ट. या चार दिवसांत मला एकही फोन आला नाही. साहेबांचा नाही, निवेदनवाल्यांचा नाही, बातमी लावणाऱ्यांचा नाही. शूटिंग कोणी केलं हे सगळ्या गावाला ठाऊक. पूर्ण फाईल माझ्या दुकानात, काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. कोणी मागितलीच नाही.

माझा भाचा पुण्यात पत्रकारिता शिकतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, मामा, तुम्ही अमेरिकेतलं शेरॉड प्रकरण घरी करून ठेवलं. मग मी ते वाचून काढलं. शर्ली शेरॉड ही जॉर्जिया राज्यातली कृष्णवर्णीय बाई, तिथल्या केंद्रीय कृषी खात्यात ग्रामीण विकासाची राज्यसंचालक. मार्च २०१० मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेच्या जेवणाच्या कार्यक्रमात ती बोलली. गोष्ट १९८६ ची, ती सरकारी नोकरीत नव्हती तेव्हाची. एक गोरा शेतकरी जमीन जप्तीला आली म्हणून मदत मागायला आला. तो आपल्याशी तोऱ्यात बोलतोय असं तिला वाटलं, अन् तिनं जमेल तेवढं सगळं केलं नाही. त्याच्याच जातकुळीच्या एका गोऱ्या वकिलाकडे त्याला नेऊन सोडलं.

१९ जुलै २०१० ला अँड्र्यू ब्राइटबार्ट नावाच्या माणसानं एवढाच भाग आपल्या वेबसाईटवर टाकला, सुमारे अडीच मिनिटांचा. बोंब झाली, की सरकारी बाई गोऱ्यांचा द्वेष करते. शेरॉड गाडी चालवत होती. तिनंच नंतर सांगितलं की वरून फोनवर फोन आले, गाडी बाजूला घे अन् राजीनामा पाठव. तिनं मोबाईलवरूनच पाठवला. एनएएसीपीनंही त्याच रात्री तिचा निषेध केला.

आता पुढचं वाचा. भाषण सुमारे ४३ मिनिटांचं होतं. कार्यक्रम त्यांचाच, रेकॉर्डिंग त्यांच्याच लोकांकडे. म्हणजे ज्यांच्या ड्रॉवरमध्ये फाईल होती त्यांनीही ती न पाहता निषेध केला! पूर्ण भाषणात काय होतं? त्या गोऱ्या वकिलानं काहीच केलं नाही, उलट जमीन जाऊ द्या म्हणाला. मग हीच बाई पेटून उठली, दुसरा वकील शोधला, अन् त्या वर्षी नव्यानं आलेल्या शेतकऱ्यांच्या दिवाळखोरी कायद्याखाली, ज्याला तिथं चॅप्टर १२ म्हणतात, त्याची जमीन वाचली. तो शेतकरी अन् त्याची बायको, दोघंही म्हातारे, टीव्हीवर येऊन म्हणाले, हिनंच आमचं वावर वाचवलं.

दोन दिवसांत कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी जाहीर माफी मागितली. तिसऱ्या दिवशी ओबामांचा फोन. नवी नोकरी देऊ केली, ती तिनं घेतली नाही.

आमच्या ताईंना ओबामाचा नको, साहेबांचा फोन आला तरी पुरे. मी आता पूर्ण व्हिडिओ टाकला आहे. १३१ जणांनी पाहिला, त्यातले वीस-पंचवीस तरी मीच असेन. काय करावं ते सुचवा. शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी सुचवा.

---

सातबारा

पहिली शिवी माझी घ्या. “ताईंची कबुली” हे कोणी लिहिलं, बाप्पा? लाल अक्षरं दुसऱ्याची, पण चूल तुम्हीच पेटवली. त्यानं फक्त तवा ठेवला.

बाकी लिहिलं ते खरं लिहिलं, यासाठी मान.

---

निवृत्त_उपसंपादक

धागाकर्त्यांनी शेरॉड प्रकरण बरंच नीट मांडलं आहे. त्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट घालतो.

ती क्लिप पूर्णपणे ‘उलटी’ कापलेली नव्हती. तिच्या शेवटाकडे शेरॉड म्हणतेच, की हा प्रश्न गरीब विरुद्ध ज्यांच्याकडे आहे ते, असा आहे हे मला तेव्हा उमगलं. म्हणजे वळणाचा इशारा क्लिपमध्येच होता. तरीही लाखो लोकांना तो ऐकू आला नाही, कारण सुरुवातीला पडद्यावर मजकूर होता. त्या मजकुराचा सूर असा, की ही बाई सरकारी पदावर असताना वर्णावरून भेदभाव करते. घटना चोवीस वर्षांपूर्वीची, खासगी संस्थेतली. ही दुरुस्ती ब्राइटबार्ट यांना मागाहून जोडावी लागली.

मी सव्वीस वर्षं डेस्कवर बसलो. बातमी वार्ताहराची, मथळा आमचा. वाचक बातमी मथळ्याच्या चष्म्यातूनच वाचतो. तुमचा कट अजाणता झाला असेल, पण मथळा जाणूनबुजून दिला. त्यामुळे सातबारा यांच्याशी सहमत.

ब्राइटबार्ट यांचं म्हणणं असं होतं की आपल्याला क्लिप तशीच मिळाली, आणि आपला रोख बाईवर नसून टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांवर होता. शेरॉडनं २०११ मध्ये दावा लावला, २०१२ मध्ये ते वारले, २०१५ मध्ये तडजोड झाली. न्यायालयात सत्य-असत्याचा निकाल लागला, असं मात्र कोणी समजू नये.

---

राजेहो

हाव ना, अमेरिकेचं पुराण चालू झालं. इकडं कापसाले भाव नाही. कोणी सांगन का आज वणीले काय निघाला?

---

शूटिंगवाला

@राजेहो भावाचा धागा वेगळा आहे, तिकडं जा ना भाऊ.

@सातबारा, @निवृत्त_उपसंपादक मान्य. मथळा काढला आहे. काढून आता काय उपयोग, ते सोडा.

---

बरबटी

मी नागपुरात व्हिडिओ एडिटिंगचंच काम करते, म्हणून थोडं कामाचं बोलते. कापलेलं बोलणं ओळखायचं असेल तर शब्दांकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. माणूस मुद्दा संपवतो तेव्हा आवाज खाली येतो, खांदे पडतात. अर्ध्यात तोडलं तर तोंड किंचित उघडं राहतं, हात हवेत राहतो. मी आत्ता तो २८ सेकंदांचा तुकडा पाहिला. शेवटच्या फ्रेममध्ये ताईंचा उजवा हात गिलासाकडे निघालेला आहे. गिलास दिसत नाही, पण हात निघाला आहे. म्हणजे बाई दम घ्यायला थांबली आहे, बोलणं संपलेलं नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट, मधला कट. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाला जॉर्ज झिमरमन नावाच्या माणसानं गोळी घातली. त्याआधी झिमरमननं पोलिसांना फोन केला होता. एनबीसी वाहिनीनं ती टेप अशी ऐकवली: हा माणूस काहीतरी गडबड करणार असं दिसतंय, हा काळा दिसतोय. मूळ टेपमध्ये या दोन वाक्यांच्या मध्ये पोलिसांचा प्रश्न आहे, तो गोरा, काळा की हिस्पॅनिक? प्रश्न गाळला, म्हणून उत्तर आपणहून बोलल्यासारखं वाटलं. वाहिनीला माफी मागावी लागली, माणसं काढावी लागली.

पण एक ध्यानात ठेवा. टेप चुकीची कापली म्हणून तो सतरा वर्षांचा पोरगा परत आला नाही. पुढे लोक टेपवरच भांडत राहिले.

---

निळी_सायकल

बरबटी यांचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचा अशी सगळ्यांना विनंती.

मी भंडाऱ्याचा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. तिथं कोणी व्हिडिओ कापला नव्हता. तिथं बातमीच कापली होती. महिनाभर मोठ्या माध्यमांत धड काही आलं नाही, लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे आलं. आणि शिक्षा झाली तरी ॲट्रॉसिटीचं कलम ना भंडाऱ्याच्या कोर्टात टिकलं ना नागपूर खंडपीठात.

मला भीती वेगळीच आहे. उद्या खरोखर कोणी पोडावर जाऊन शिव्या देईल, त्याचा व्हिडिओ येईल, आणि हेच लोक म्हणतील, “पूर्ण व्हिडिओ दाखवा, त्या ताईंसारखं असेल.” धागाकर्त्यांचं नुकसान एका ताईपुरतं नाही. पुढच्या खऱ्या तक्रारीचं वजन त्यांनी आत्ताच कमी करून ठेवलं आहे.

---

सातबारा

याचंही उदाहरण शेरॉडच्याच घरी आहे बघा. तिचा बाप १९६५ मध्ये एका गोऱ्या शेजाऱ्यानं गोळी घालून मारला. वाद गाईंवरून. सगळ्या गोऱ्या पंचांच्या ग्रँड ज्युरीनं खटलाच उभा राहू दिला नाही. ती तेव्हा सतरा वर्षांची. त्याच भाषणात तिनं हेही सांगितलं होतं. बापाच्या खुनाचा खटलाही उभा राहिला नाही, अन् लेकीवर द्वेषाचा आरोप एका दिवसात सिद्ध!

आणखी एक. शेरॉड नवरा-बायकोनं १९६९ मध्ये इतरांसोबत न्यू कम्युनिटीज नावाची सामूहिक शेती उभी केली होती, पावणेसहा हजार एकरांच्या आसपास. दुष्काळ पडला, सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही, १९८५ मध्ये जमीन गेली. कर्जवाटपात वर्णावरून भेदभाव झाला हे मान्य होऊन २००९ मध्ये भरपाई मिळाली. आता तारीख जुळवा. स्वतःची जमीन १९८५ ला गेली, अन् १९८६ ला गोरा शेतकरी दारात उभा, माझी वाचव म्हणून. तिच्या मनात एक क्षण कडूपणा आला तर त्यात नवल काय? आपल्या गावात सोसायटीनं ज्याचं कर्ज अडवलं, त्याच्याच दारात चेअरमनचा भाऊ मदत मागायला आला तर काय होईल, सांगा.

---

वकिलीणबाई

शब्दाचं बोलू का? इथं ‘वर्णद्वेष’ म्हणायचं की ‘जातीयवाद’? कोलाम आदिवासी आहेत, महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक, म्हणून प्रश्न. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद झाली तेव्हा दलित संघटना सांगत होत्या की जातीचाही विचार इथं व्हावा, आणि आपलं सरकार सांगत होतं की जात म्हणजे वंश नव्हे. वाद जुना आहे.

कायद्यापुरतं सांगते. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अपमान हेतुपुरस्सर, पाणउतारा करायच्या इराद्यानं, लोकांसमोर झालेला असावा लागतो. हेतू मागच्या-पुढच्या वाक्यांतून दिसतो. म्हणून मूळ कार्ड जपून ठेवा, त्यावर लग्न शूट करू नका. कॉपी चालते असं समजू नका. ताईंना नोकरीचं काही लढायचं असेल तर तो व्हॉट्सॲप मेसेजही पुसू नये म्हणावं.

---

शूटिंगवाला

@वकिलीणबाई कार्ड आजच काढून पाकिटात घातलं, वर तारीख लिहिली. धन्यवाद.

---

देऊळवाडा

मी सोलापूरकडचा, नोकरीनिमित्त तिकडे उमरखेडला आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, आमच्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागायला गेलेले. त्या दिवसांत देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक तर कराचीतला होता. मुलांना जपा असं सांगणारी जाहिरात. मोटरसायकलवाले पोराला उचलतात, आणि शेवटी परत आणून सोडतात, फलक दाखवतात. तो शेवट कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा घातली.

तुमच्या ताईंची नोकरी गेली. वाईटच. पण जीव गेला नाही, एवढं देवाचं मानून पुढचं बोला.

---

राजेहो

थांबा. मी मघाशी हलक्यात घेतलं. आत्ता बसून पूर्ण पाह्यला, १ तास १२ मिनिटं. ४१ व्या मिनिटाले ताई बियाण्याच्या कंपनीवाल्यायले जे सुनावते ते ऐका. तोच तुकडा काऊन नाही कापला भाऊ? त्याच्यात तं दम होता.

---

शूटिंगवाला

त्याचा आवाज फाटला होता. माईक ओढला गेला कोणाच्या तरी पायात.

---

पोडावरचा

मी कोलाम आहे. माझं पोड त्या गावापासून फार लांब नाही. वसतिगृहात राहून शिकलो, आता वणीत नोकरी करतो. धागा सकाळपासून वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

१) चौकात निवेदन दिलं त्यात आमच्या पोडावरचं कोणी नव्हतं. फोटोत एक म्हातारा दिसतो, त्याला रेशनचं काम आहे म्हणून नेलं होतं. कशावर आंगठा दिला ते त्याला माहीत नाही. म्हणजे ताई आधी आंगठे घेऊन जात होत्या, हे लोकही आंगठे घेऊनच गेले.

२) पूर्ण व्हिडिओ मी पाहिला. ताई खोटं बोलत नाहीत, पोडावर येतात, जेवतात. पण “यायले काय समजते” हे ऐकून मला लागलं. पुढचं ऐकूनही ते लागलेलं गेलं नाही. कारण ते फक्त ताईंचं वाक्य नाही. मी शाळेत ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, बँकेत ऐकलं. ताईंनी निदान कबूल तरी केलं, बाकीचे कबूल करत नाहीत. पण तुम्ही सगळे “अपमान झालाच नव्हता” असं म्हणू लागलात, तर तेही नका म्हणू.

३) ती म्हातारी माझ्या आत्याची सासू. तिला मराठी मोडकी येते, ती कोलामीतच बोलली असणार. “तीन राह्यते” हे मराठी ताईंचं. मी तिला विचारलं, तू काय म्हणाली होतीस? ती म्हणे, मी म्हटलं होतं की एकट्या पिकाला एकटं माणूस पुरत नाही, अन् तू एकटीच काय फिरते, बसून जेव. म्हणजे तिथंही थोडं कापलं गेलंच की.

४) आमच्या पोडावर हा व्हिडिओ कोणीच पाहिलेला नाही. ना २८ सेकंदांचा, ना तासाभराचा. रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं.

---

निवृत्त_उपसंपादक

पोडावरचा यांच्या तिसऱ्या मुद्द्यापुढे मी निरुत्तर. सव्वीस वर्षांत भाषांतरित अवतरणावर मी कधी असा विचार केला नाही.

---

निळी_सायकल

@पोडावरचा दुसऱ्या मुद्द्याला माझा हात वर.

---

वकिलीणबाई

@पोडावरचा त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आंगठा दिलेला कागद कुठे दिला गेला ते कळू शकेल का? त्यांना न वाचून दाखवता घेतला असेल तर तसं लिहून देता येतं. घाई नाही, पण विसरू नका.

---

शूटिंगवाला

@पोडावरचा भाऊ, काय बोलू. मी ताईंकडे दोनदा जाऊन आलो, तुमच्या पोडावर एकदाही नाही. हे मला तुम्ही लिहिल्यावर सुचलं.

ताईंना काल तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पहिले दोन मुद्दे गप्प ऐकले. तिसऱ्याला हसल्या, मग डोळे पुसले. म्हणाल्या, “हाव, जेव म्हणत होती बुढी. मी घाईत होती, नाही जेवली.”

संस्थेच्या साहेबांना पूर्ण फाईलची पेनड्राईव्ह नेऊन दिली. पाहतो म्हणाले. टेबलावर ठेवली अन् तिच्यावर पेपर ठेवला.

---

पोडावरचा

पेनड्राईव्ह साहेबांना दिली ते ठीक. पोडावर दाखवाल का? शाळेची भिंत मागून पांढरी आहे. पडदा लागत नाही. मी बाजूला उभा राहून कोलामीत सांगत जाईन, ताईंनाही आणा. काय म्हणायचं ते लोक त्यांच्या तोंडावर म्हणतील.

---

शूटिंगवाला

प्रोजेक्टर आहे माझ्याकडे, लग्नातला. वेचणी पाह्यजे तेव्हा थांबते, तुम्ही दिवस सांगा. फाटलेला आवाज तेवढा नीट करून आणतो.

---

राजेहो

पूर्ण १ तास १२ मिनिटं?

---

शूटिंगवाला

पूर्ण. पाणी पितात ते पण. लाईट राहिली तर.